सयामची सूतिकाशय्या आणि परिचारिका

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चार पादांत परिचारकास स्थान दिले असून सेवेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी स्नेह व शुचिता हे त्याचे गुण सांगितले आहेत. सयाममध्ये (आजचे थायलंड) शिकलेली परिचारिका घडू लागली ती सूतिकागारातूनच.

तेथे 'यू फाय' म्हणजे 'अग्नीजवळ राहणे' ही जुनी रूढी. प्रसूतेने चुलीलगतच्या फळीवर कित्येक दिवस, कधी महिनाभर, शेक घेत पडून राहावयाचे व मीठभात खावयाचा. आपल्याकडील बाजेखालच्या शेगडीची आठवण यावी असाच हा प्रकार. अमेरिकन मिशनरी डॉ. ब्रॅडली यांनी 1842 मध्ये थाई भाषेत प्रसूतिविषयक पुस्तक छापून या चालीवर टीका केली. परंतु परक्याच्या सांगण्याने बायका अग्नी सोडतील कशा?

1887 मध्ये राजपुत्र सिरिराज अतिसाराने दगावला. पिता राजा चुलालोंगकोर्न याने 1888 मध्ये बँकॉकला त्याच्या नावाचे रुग्णालय उघडले. तेथेही प्रसूता अग्नीचाच आग्रह धरीत. अखेर राणी साओवाभा हिने स्वतःच्या बाळंतपणात अग्निसेवन सोडले आणि तिचे उदाहरण स्त्रियांपुढे ठेवले गेले. तिच्याच पुढाकाराने 1896 मध्ये तेथे प्रसूतिशास्त्र व परिचर्येची शाळा निघाली. परिचर्येचे शिक्षण तेथे सुईणपणाच्या शिक्षणाबरोबरच सुरू झाले, हे आम्हांस विशेष वाटते.

याच शाळेत संगवान नावाची सोनाराची पोरकी मुलगी शिकली. पुढे ती राजपुत्र महिदोल यांची पत्नी व दोन राजांची माता झाली. तिचा जन्मदिवस, 21 ऑक्टोबर, थायलंडमध्ये परिचारिका दिन म्हणून पाळतात.

गंमत अशी की, चूल मागे पडली तरी सूतिकेसाठी वनौषधींची वाफ व गरम पुरचुंडीचा शेक तेथील पारंपरिक वैद्यकात आजही आहे. उष्मा राहिला, निखारे गेले. आमच्या मते हाच विवेक हवा. आपल्या शास्त्रातही सूतिकेस अभ्यंग, उदरपट्टबंधन, पंचकोलयुक्त स्नेह व यवागू सांगितली आहे. बंद खोलीतील धूर हा त्यांचा पर्याय नव्हे. शेगडीने पाय भाजलेली सूतिका आम्ही चिकित्सिली आहे, आणि कोळशाचा विषारी वायू तर तान्ह्या बालकासही सोडीत नाही. औषधविक्रेत्या बंधूंनी धुरीचे पुडके देताना प्रसूती शस्त्रक्रियेने झाली काय, टाके ओले आहेत काय, खोलीस खिडकी आहे काय, एवढे अवश्य विचारावे. शंका वाटल्यास पुडके न देता सूतिकेस वैद्याकडे पाठवावे.