स्वतःच्या जागेवर लिहिलेलं

जुन्नरजवळच्या नाणेघाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात शिरलं की डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळीच ओळी दिसतात. सातवाहनांची राणी नागनिका हिचा हा लेख साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. त्यात यज्ञांची नावं आहेत आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांचे आकडेही आहेत. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या केव्हाच नष्ट झाल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. पण मूर्तींच्या वर कोरलेली सिमुक, सातकर्णी, नागनिका ही नावं आपल्यापर्यंत पोहोचली.

लिहून ठेवण्याची ही हौस राजघराण्यापुरती नव्हती. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. तिथल्या लेखांत धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याची नोंद करते. इरिल नावाचा यवन दोन टाकी दिल्याचं सांगतो, चिट नावाचा दुसरा यवन भोजनमंडप दिल्याचं. लेख एक-दोन ओळींचे असतात: नाव, कूळ, काय दिलं. एवढ्यावर त्या माणसांनी दोन हजार वर्षं ओलांडली.

आजचा जुन्नरकर, शेजारचा आंबेगावकर त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त लिहितो. बिबट्या दिसल्याची खबर, टोमॅटोचा भाव, चावंड किल्ल्याच्या पायऱ्यांचे फोटो, गावच्या यात्रेचं वर्णन, आजोबांच्या आठवणी हे सगळं रोज हातातल्या फोनमधून बाहेर पडतं. जातं कुठे? फेसबुकच्या, इन्स्टाग्रामच्या, यूट्यूबच्या भिंतीवर. त्या भिंतीवर काय वर दिसेल, काय खाली दबेल, हे कंपनीचं गणित ठरवतं, आणि त्या गणिताचा हिशेब जाहिरातींशी जुळलेला असतो. सहा महिन्यांपूर्वीची स्वतःची पोस्ट शोधून पाहा. लिहिणाऱ्यालाच ती सापडता सापडत नाही.

भिंत पडायलाही वेळ लागत नाही. कधीकाळी भारतात खूप लोकप्रिय असलेलं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीजवर जगभरच्या हौशी माणसांनी लाखो पानं बांधली होती. याहूने ती २००९ साली बंद केली. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली, आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी कलाकारांचा जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. प्रत्येक वेळी कारण वेगळं होतं. लिहिणाऱ्याचा, गाणाऱ्याचा तोटा मात्र तोच.

यावर एक जुना, साधा आणि थक्क करणारा उपाय आहे: स्वतःची वेबसाइट. थक्क करणारा अशासाठी, की तिच्या प्रत्येक भागात डोकावलं तर तो कुणीतरी सगळ्या जगासाठी मोकळा सोडलेला आढळतो.

सुरुवात वेबपासूनच करू. टिम बर्नर्स-ली या इंग्रज संगणकतज्ज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. शास्त्रज्ञांचे कागद वेगवेगळ्या संगणकांवर विखुरलेले होते. एका कागदातून दुसऱ्या कागदाकडे सहज जाता यावं, एवढीच गरज होती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केलं की हे तंत्रज्ञान कुणीही, कशासाठीही, एक पैसा न देता वापरावं. पेटंट नाही, परवाना नाही. म्हणूनच घोडेगावच्या एखाद्या विद्यार्थ्याला आज वेबवर पान टाकायचं तर कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही. ब्राउझरच्या लेखी त्याचं पान आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपनीचं पान एकाच पद्धतीने उघडायच्या दोन फायली असतात.

आता नावाकडे येऊ. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. ते आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून डोमेन नाव. आंबेगाव तालुक्यातल्या माणसाला ही भानगड लगेच कळेल. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे. तरी तालुका आंबेगावच. डोमेनचं नेमकं असंच असतं: नाव वेगळं, ठिकाण वेगळं, आणि दोघांना जोडणारी एक नोंद. ठिकाण बदललं की नोंद बदलायची. नाव तेच राहतं, आणि वाचक त्याच नावाने पोहोचतो.

ही नोंद शोधण्याची रीत पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली. त्याआधी सगळ्या संगणकांची नावं एकाच यादीत असत आणि ती यादी जो तो उतरवून घेई. मॉकापेट्रिस यांनी ती वाटून टाकली. आपण नाव टाइप केलं की आधी मूळ सर्व्हरला विचारणा होते. मूळ सर्व्हर तेरा नावांनी चालतात, पण त्यांच्या प्रती जगभर शेकडो ठिकाणी आहेत. ते पूर्ण उत्तर देत नाहीत. ‘डॉट इन’चा कारभार कुणाकडे आहे तेवढंच सांगतात. तिथून पुढचा ठिकाणा मिळतो, शेवटी खुद्द त्या नावाचा सर्व्हर अंकी पत्ता देतो. एकदा मिळालेलं उत्तर वाटेतली यंत्रं काही काळ लक्षात ठेवतात, म्हणून दर वेळी एवढी पायपीटही करावी लागत नाही. सगळी विचारपूस बहुधा पापणी लवायच्या आत उरकते. संपूर्ण यादी एकट्या कुणाकडेच नाही, आणि तरी अब्जावधी माणसं रोज अचूक ठिकाणी पोहोचतात.

२०१४ पासून नाव देवनागरीतही घेता येतं, शेवटी ‘डॉट भारत’ लावून. यंत्रणेच्या पोटात ते रोमन अक्षरांच्या एका संकेतात बदलतं, पण वाचकाला दिसतं ते मराठीच.

मग उरतं पान. वेबचं पान म्हणजे साधा मजकूर. शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठे सुरू होतो, दुवा कुठे जातो, हे सांगायला कोनी कंसांत छोट्या खुणा करायच्या. परिच्छेदाआधी ‘पी’ या अक्षराची खूण, शेवटी तीच खूण तिरप्या रेघेसह. अशा दहा-बारा खुणा एका दुपारी शिकून होतात आणि लेख, फोटो, दुवे असलेलं नेटकं पान त्यांच्यावर उभं राहतं. १९९०च्या दशकात लिहिलेली अशी साधी पानं आजचे ब्राउझरही उघडतात.

मराठी अक्षरं या पानावर कशी बसतात, हे तर जवळून बघण्यासारखं आहे. ‘जुन्नर’ हा शब्द घ्या. संगणक तो सहा चिन्हांत ठेवतो: ज, उकार, न, हलन्त, पुन्हा न, आणि र. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे. तो क्रमांक साठवायची सर्वांत रूढ रीत यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडली. तीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे ‘जुन्नर’चे झाले अठरा बाइट. दीड हजार शब्दांचा मराठी लेख ढोबळमानाने तीस-पस्तीस हजार बाइटांत मावतो. फोनने काढलेला एकच फोटो सहज तीस-पस्तीस लाख बाइटांचा असतो. एका फोटोच्या जागेत शंभर लेख! गावाचा शंभर वर्षांचा इतिहास लिहून काढला तरी तो एखाद्या लग्नाच्या अल्बमपेक्षा कमी जागा व्यापेल.

युनिकोड रुळण्याआधी मराठीने मोठी हानी सोसली आहे. जो तो आपापला फॉन्ट वापरायचा, आणि तो फॉन्ट वाचणाऱ्याकडे नसला की पानावर निरर्थक चिन्हांचा सडा पडायचा. जुनी मराठी पानं आणि फायली आजही तशाच अवस्थेत सापडतात. मजकूर आहे, पण वाचायची किल्ली हरवली. ब्राह्मीचंही शतकानुशतकं हेच झालं होतं. नाणेघाटातली अक्षरं सगळ्यांसमोर होती, वाचू मात्र कुणी शकत नव्हतं. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा पूर्ण केला, तेव्हा कुठे भारतभरचे शिलालेख बोलू लागले. टिकायचं तर जागा स्वतःची हवी आणि लिपीचा संकेत सगळ्यांचा हवा. आज मराठीला दोन्ही मिळालं आहे.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते पाहायला फार लांब जायला नको. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे अभियंते. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून त्यांनी मुलांच्या पिढ्या घडवल्या. २००३ ते २०१४ या काळात ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, स्ट्रॉ, जुन्या सीडी यांतून खेळणं कसं करायचं ते त्यांनी फोटो आणि व्हिडिओंसह स्वतःच्या नावाच्या वेबसाइटवर मांडलं. शेजारीच हजारो पुस्तकं ठेवली, मराठी, हिंदी, इंग्रजी आणि इतर भाषांतली, सगळी मोफत. साइटची मांडणी अगदी साधी आहे, याद्या आणि दुवे. पण माळशेजच्या पायथ्याच्या शाळेतली मास्तरीण असो की दुसऱ्या खंडातला पालक, पुस्तक एका क्लिकवर हाती येतं. एका माणसाच्या जागेवर एवढं ग्रंथालय उभं राहू शकतं.

दुसरं उदाहरण डोंबिवलीच्या ट्रेकक्षितिज संस्थेचं. या गिर्यारोहकांनी महाराष्ट्रातल्या किल्ल्यांची माहिती मराठीत, स्वतःच्या वेबसाइटवर जमवली: इतिहास, पाहण्याची ठिकाणं, जाण्याच्या वाटा, राहण्याची, पाण्याची सोय. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन यांची पानं उघडून पाहा. रविवारी जुन्नरला उतरणाऱ्या किती ट्रेकर पोरांनी ती वाचून वाट धरली असेल! अशी माहिती सोशल मीडियावर टाकली असती तर आठवडाभरात तळाशी गेली असती. इथे ती शोधली की सापडते.

खर्च आणि खटपट किती, तेही सांगायला हवं. ‘डॉट इन’ नावाला वर्षाला हजार रुपयांच्या आसपास लागतात. साधी पानं ठेवायला गिटहब पेजेससारख्या मोफत सोयी आहेत. त्याही दुसऱ्या कुणाच्या तरी यंत्रांवर चालतात, हे खरं. पण नाव आपलं आणि सगळ्या फायलींची प्रत आपल्या पेनड्राइव्हवर असेल, तर एक जागा बंद झाली की दुसरीकडे फायली चढवायच्या आणि नावाची नोंद बदलायची. एकही वाचक गमवावा लागत नाही. फेसबुकच्या पानाचं असं बिऱ्हाड हलवता येत नाही. जपायच्या गोष्टी दोनच: नावाचं नूतनीकरण दरवर्षी वेळेवर करायचं, आणि प्रत दोन ठिकाणी ठेवायची.

वाचक आपणहून धावत येत नाहीत, हीही वस्तुस्थिती आहे. म्हणून स्वतंत्र वेबच्या चळवळीतली माणसं एक रीत पाळतात: आधी स्वतःच्या साइटवर लिहायचं, मग त्याचा दुवा सगळीकडे पाठवायचा. व्हॉट्सअॅपचा गावचा ग्रुप सोडायला नको. मजकूर मात्र आपल्या घरी राहू द्या. शिवाय आरएसएस नावाची १९९९ सालची सोय आहे. आवडत्या साइट वाचकाने एकदा जोडल्या की तिथलं नवं लेखन तारखेच्या क्रमाने त्याच्यापुढे येतं, आणि मध्ये कुणाचं गणित लुडबुड करत नाही.

जुन्नर आणि आंबेगावात लिहिण्यासारखं किती आहे, याची मोजदादच नको. चैत्रातल्या यात्रांआधी नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. त्या फडांचा इतिहास त्यांच्याच माणसांनी लिहायला हवा. आहुप्याच्या देवराईतली झाडं आणि त्यांची स्थानिक नावं, हिरडा गोळा करण्याची रीत, भीमाशंकरच्या शेकरूच्या नोंदी, डिंभ्याच्या पाण्याखाली गेलेल्या घरांचे नकाशे अजून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहेत. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस ताटल्यांच्या सावलीत वाढलेल्या मुलांनाही सांगण्यासारखं पुष्कळ असेल. बाहेरचा माणूस हे लिहील तेव्हा तो पाहुण्यासारखं लिहील. ज्याची आजी हिरडा वेचत आली, त्याच्या लेखाला वेगळं मोल आहे.

तेव्हा येत्या सुट्टीत घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला सोबत घ्या आणि एक नाव नोंदवा. पहिल्या पानावर फार काही नको: आपण कोण, कुठल्या गावचे, आणि आपल्याला नीट ठाऊक असलेली एक गोष्ट. मजकूर युनिकोड मराठीत लिहा, खाली तारीख घाला, प्रत जपून ठेवा. पुढच्या महिन्यात दुसरी गोष्ट लिहा. आपल्या गावाबद्दल उद्या कुणी शोधू लागलं, तर त्याला गावच्या माणसानेच लिहिलेलं पान सापडायला हवं.