मुद्दे, तात्पर्य आणि मुलांची गोष्ट

एक शेतकरी... चार मुलगे... रोजची भांडणं... काठ्यांची मोळी... तात्पर्य. मराठी शाळेत पाचवी-सातवी झालेल्या कोणालाही एवढे मुद्दे दिले, की तो पुढची गोष्ट झोपेतसुद्धा सांगेल. मुद्दे फळ्यावर, गोष्ट वहीत आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं तात्पर्य. अनेक पिढ्या 'कथालेखन' शिकल्या त्या याच वाटेनं. पात्रं दिलेली, घटना दिलेल्या, बोधही ठरलेला. मुलानं भरायची ती क्रियापदं आणि 'एके दिवशी', 'त्यानंतर', 'अशा प्रकारे' यांसारखे सांधे.

या रिवाजाची मुळं जुनी आहेत. मराठीत मुलांसाठी पुस्तकं छापायला लागली तीच नीतिकथांपासून. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा' 1828 सालची. गोष्ट सांगायची ती बोधासाठी, हे तेव्हापासून ठरून गेलं. पुढे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा आली. ती पास झालेला मुलगा थेट मास्तर होऊ शकत असे. म्हणजे मुद्द्यांवरून गोष्ट लिहायला शिकलेला मुलगाच पुढे फळ्यापाशी उभा राहून तेच मुद्दे लिहू लागला. पद्धत टिकली यात नवल नाही.

वाचायच्या गोष्टी मात्र बदलत गेल्या. वासुदेव गोविंद आपटे यांनी 1906 मध्ये मुलांसाठी 'आनंद' मासिक काढलं. आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग वाचनमाले'नं मुलांना क्रमिक पुस्तकात हसूखेळू दिलं. 1967 मध्ये बालभारती स्थापन झाली आणि 1971 पासून तिचं 'किशोर' मासिक खेड्यापाड्यांतल्या शाळांपर्यंत जाऊ लागलं. मुलं चांगलं वाचू लागली, पण गोष्ट लिहायची वेळ आली की पुन्हा तोच शेतकरी आणि त्याचे तेच चार मुलगे!

लिहायला शिकवण्याची वेगळी वाट खरं तर फार आधीच दिसली होती. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या शाळेत होते. तिथल्या वसतिगृहात ते मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवत. रोज शिकवून, मुलांचं सगळं पाहून, वर त्यांच्यासाठी लिहायचं. शिक्षक स्वतः लिहितो आहे हे मुलांनी रोज डोळ्यांनी पाहायचं. लेखन शिकवण्याचा याहून सरळ मार्ग दुसरा नसावा. अध्यापक विद्यालयांनी तो अभ्यासक्रमात का घेतला नाही, याची खंत वाटते.

खरा बदल सुरू झाला तो 1980च्या दशकात, पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन गावांत. फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी 1984 मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि दोन वर्षांनी कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली. बर्नसन जन्मानं अमेरिकन, शिक्षणानं भाषाशास्त्रज्ञ. फलटणची माणसं मराठी कशी बोलतात, जातीनुसार आणि शिक्षणानुसार बोलणं कसं बदलतं, हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पुढे त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. घरची बोली अशुद्ध नसते, वेगळी असते, ही गोष्ट बर्नसन भाषेच्या अभ्यासातून शिकल्या होत्या आणि शाळेत त्याच पायावर काम झालं.

गोष्ट लिहिण्याशी याचा संबंध फार जवळचा आहे. पाचवीतलं मूल लिहितं, 'आज्जी म्हनली, कुटं चाललास रं?' त्यावर लाल शाई फिरते आणि वाक्य होतं, 'आजी म्हणाली, तू कुठे जात आहेस?' शुद्धलेखन सुधारलं, पण आजी नाहीशी झाली. पुढच्या खेपेला ते मूल आजीला बोलूच देत नाही. आजीनं विचारपूस केली, एवढं लिहून मोकळं होतं. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद त्या माणसाच्या तोंडच्या भाषेत, हा भेद मुलांना सहज कळतो. सांगणारं कोणी हवं.

दुसरं गाव कोल्हापूर. शिक्षकांना शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या लीला पाटील यांनी 1985 मध्ये तिथं सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. त्या कादंबरीकार ना. सी. फडके यांच्या कन्या. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव आहे 'लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं'. नावातच कामाची वाटणी आहे. लिहिणं मुलांचं म्हटलं की आधी अनुभव मुलाचा हवा. न पाहिलेल्या नदीचं 'आत्मवृत्त' लिहायला सांगण्यापेक्षा मुलांना बाजारात, कुंभारवाड्यात न्यावं, बोलू द्यावं, मग लिहू द्यावं.

आणि शिकवणं शिक्षकांचं, म्हणजे नुसतं मोकळं सोडणंही नव्हे. सहावीतल्या मुलाची सहलीची वही उघडा. सकाळी सहाला गाडी सुटते, संध्याकाळी सातला परत येते, मधे सगळ्यांनी डबे खाल्ले, खूप मजा आली. अशा वहीवर 'छान' लिहिणारा शिक्षक काहीच शिकवत नाही. 'सगळ्यात जास्त घाबरलास कधी?' असं विचारणारा शिकवतो. मूल सांगतं, गडाच्या दरवाजात चप्पल तुटली आणि सगळे पुढं गेले. गोष्ट तिथून सुरू करायची. गाडीची वेळ गाळायची. एकटं राहिल्यावर काय ऐकू आलं, ते लिहायचं. वरच्या प्राथमिक वर्गातल्या मुलाला हे जमतं, कारण दहा-बारा वर्षांच्या वयात आपलं सांगणं दुसऱ्याला कसं वाटेल, याचा विचार करता येऊ लागतो.

सरकारी पातळीवर दार उघडायला 2005 उजाडलं. त्या वर्षीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं शाळेबाहेरच्या जगण्याला ज्ञानाचा दर्जा दिला. 2010 मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातल्या आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात मुलांनी स्वतः लिहिलेलं मोजता येऊ लागलं. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत हस्तलिखितं, भित्तिपत्रकं निघाली ती या मोकळिकीतून. सोबतच पालघर जिल्ह्यात काम करणाऱ्या 'क्वेस्ट' संस्थेचा 'गोष्टरंग' हा उपक्रम नट मंडळींना शाळेत घेऊन गेला, आणि मुलं गोष्ट आधी डोळ्यांनी, कानांनी घेऊ लागली.

जून 2023 मध्ये दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत कोरी पानं आली. 'माझी नोंद' असं त्यांचं नाव. दोन वर्षांत तो निर्णय मागे घेतला गेला. कोऱ्या पानांवर काय लिहायचं, हे शिकवायला तासिका नव्हती.

चाळीस वर्षांत पुष्कळ मिळालं: मुलांचा अनुभव वर्गात आला, बोलीची लाज थोडी कमी झाली, तात्पर्याचा जाच सैल झाला. एक गोष्ट मात्र अजून वेळापत्रकात शिरलेली नाही, ती म्हणजे तीच गोष्ट पुन्हा लिहिणं. वही तपासली, सही झाली, पुढचा विषय. लेखक चार-चार खर्डे करतो आणि अकरा वर्षांच्या मुलानं एका फटक्यात गोष्ट उरकावी, हे अन्यायाचं आहे. शिक्षकांनी या वर्षी दहा विषयांऐवजी पाचच द्यावेत आणि प्रत्येक गोष्ट मुलांकडून दोनदा लिहून घ्यावी. दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी लाल पेन टेबलावरच राहू द्यावं.