वायपर व काच धुण्याची यंत्रणा (थंड हवामानातील)

मोटारगाडीच्या पुढील काचेवरील पाणी, हिम व चिखल काढून चालकाची दृष्टी मोकळी ठेवणारी प्रयुक्ती. काचेवर घासत फिरणारे रबरी पाते (वायपर) आणि काचेवर द्रव फवारणारा पंप व तोट्या हे तिचे दोन भाग होत. उष्ण प्रदेशात तिचे काम बव्हंशी पावसाळ्यापुरते असते. तापमान ०° से.च्या खाली जाते तेथे मात्र यंत्रणाच गोठू शकते आणि अयोग्य द्रव फवारल्यास काच स्वच्छ होण्याऐवजी काही क्षणांत बर्फाने झाकली जाते.

वायपरचा उगमही थंडीतलाच आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या रहिवासी मेरी अँडरसन यांनी न्यूयॉर्क येथे हिमवर्षावात ट्रामचालकाला होणारा त्रास पाहिला आणि आतून दांड्याने फिरविता येणारी पुसणी योजली. तिचे एकस्व (पेटंट) त्यांना १९०३ मध्ये मिळाले. आर्थिक लाभ मात्र झाला नाही. पुढे एंजिनाच्या शोषण-नळीतील अंशतः निर्वातावर चालणारे वायपर आले. चढावर एंजिनावरील भार वाढला की, हा निर्वात कमी होई व वायपर मंदावत. विद्युत् चलित्रामुळे हा दोष गेला.

थंडीत पात्याचे रबर ताठर होते. प्रत्येक फेरीअखेर त्याची कड उलट बाजूस वळावी लागते. ती वळली नाही, तर पाते थरथरते व काचेवर पट्टे राहतात. नेहमीच्या पात्याच्या सांगाड्यातील सांध्यांत बर्फ साचल्यास पाते काचेच्या वक्रतेशी जुळत नाही. म्हणून हिवाळी पात्यांचा सांगाडा रबरी वेष्टनात बंद केलेला असतो. पाते काचेला चिकटून गोठले असता वायपर सुरू केल्यास कड फाटते, वितळतार जळते किंवा चलित्र निकामी होते.

फवारणीच्या द्रवात पाण्यात अल्कोहॉल मिसळून गोठणबिंदू खाली आणतात. वजनी २० टक्के मिथिल अल्कोहॉल असलेले मिश्रण सु. –१५° से.ला, तर ४० टक्क्यांचे सु. –३९° से.ला गोठू लागते. परंतु हे आकडे टाकीतील द्रवाचे होत, ही गोष्ट वाहनचालक सहसा ध्यानात घेत नाहीत. काचेवर द्रवाचा पातळ थर पसरतो. वेगवान वाऱ्यात त्यातील अल्कोहॉल पाण्याआधी उडून जाते व उरलेल्या थराचा गोठणबिंदू वर चढतो. शिवाय बाष्पीभवनाला लागणारी उष्णता काचेतून घेतली जाते, त्यामुळे काच आणखी थंड होते. परिणामी –२०° से.पर्यंत न गोठणारा द्रव –१०° से.लाही काचेवर गोठू शकतो. यास्तव आतून गरम हवा सोडून काच प्रथम उबदार करणे आणि नंतरच फवारणी करणे आवश्यक ठरते. घाईत काचेवर उकळते पाणी ओतणे घातक आहे. असमान प्रसरणाने काच तडकते.

मिथिल अल्कोहॉल स्वस्त पण अत्यंत विषारी आहे. शरीरात त्यापासून फॉर्मिक अम्ल तयार होऊन दृष्टितंतूंना इजा होते. अल्प मात्रेनेही अंधत्व किंवा मृत्यू ओढवतो. वासाने किंवा रंगाने त्याची एथिल अल्कोहॉलापासून खात्रीची पारख होत नाही, म्हणून हा द्रव पेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. यूरोपीय संघात सर्वसामान्य ग्राहकांसाठी विकल्या जाणाऱ्या अशा द्रवांतील त्याचे प्रमाण २०१९ पासून वजनी ०·६ टक्क्यांपेक्षा कमी असावे लागते. तेथे मुख्यतः एथिल अल्कोहॉल वापरतात.

भारतात हा प्रश्न लडाख व हिमाचल प्रदेशाच्या उंच भागांत उद्भवतो. मैदानी प्रदेशातून जाणाऱ्या गाड्यांच्या टाकीत पुष्कळदा साधे पाणी असते. गोठताना त्याचे आकारमान सु. ९ टक्क्यांनी वाढते व टाकी, नळ्या किंवा पंप फुटतो. अशा प्रवासापूर्वी टाकी रिकामी करून योग्य द्रव भरावा आणि तो तोट्यांपर्यंत पोहोचेतो पंप चालवावा. टाकी बदलली तरी नळ्यांत जुने पाणी राहतेच, व प्रथम तेच गोठते.