परचित्ताचे वाचन

पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादात परचित्तज्ञान ही एक सिद्धी म्हणून सांगितली आहे. योग्याला ती संयमाने प्राप्त होते. पण तिचा अल्पसा अंश आपण सारेच दिवसभर वापरीत असतो. पंगतीत पाहुणा ‘पुरे’ म्हणतो, तेव्हा ते पुरे खरे की भिडेचे, हे वाढणारा त्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो. स्वयंपाकघरात भांडे जरा जोराने आदळले की कोण कोणावर रागावले आहे, हे घरातल्यांना सांगावे लागत नाही. दुसऱ्याच्या मनाचा ठाव घेण्याच्या या शक्तीला मानसशास्त्रात सामाजिक बोध म्हणतात. ती आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की, ज्याला ती साधत नाही तो बुद्ध्याच तसा वागतो, अशी आपली समजूत होते. मग मुलगा घुमा ठरतो आणि मुलगी हट्टी. स्वमग्नता आणि ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ या दोन अवस्थांच्या बाबतीत ही समजूत फार महाग पडते.

मुळात ही दोन्ही नावेच फसवी आहेत. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन केले, तेव्हापासून ‘ऑटिझम’ हे नाव रूढ झाले आणि मराठीत त्याची ‘स्वमग्नता’ झाली. जणू ते मूल स्वतःतच रमलेले आहे! दुसऱ्या नावाचा अर्थ ‘मज्जाजन्य क्षुधानाश’ असा होतो. लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी १८७३ च्या सुमारास हा विकार वर्णिला. परंतु या रोगात भूक बहुधा मेलेली नसते. वजन वाढण्याच्या भयाने ती मारलेली असते.

१९८५ साली लंडनमध्ये झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. सॅली नावाची बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्यामागे ॲन ही दुसरी बाहुली ती गोटी पेटीत लपविते. परत आल्यावर सॅली गोटी कोठे शोधील? वीस स्वमग्न मुलांपैकी सोळांनी पेटी दाखविली. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट सॅलीला ठाऊक नाही, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. डाउन सिंड्रोमच्या चौदा मुलांपैकी बारांनी मात्र बरोबर टोपली दाखविली. तेव्हा हा प्रश्न बुद्धिमांद्याचा नव्हे, हे उघड झाले.

यावरून स्वमग्न माणसाला दुसऱ्याचे मन उमगतच नाही, असा निष्कर्ष बरीच वर्षे काढला गेला. २०१२ साली डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने उलट प्रश्न विचारला : इतरांना तरी स्वमग्नाचे मन कोठे उमगते? पुढे २०२० मध्ये एडिंबरो येथील संशोधकांनी आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगत नेली. सर्व स्वमग्नांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच टिकली. मिश्र साखळीत मात्र तिची गळती अधिक झाली. म्हणजे दोष एका मनात नसून दोन मनांच्या मध्ये आहे. एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या आमच्या होसकोट्याच्या बाजारात कानडी, तेलुगू, उर्दू अशा भाषा कानी पडतात. नव्याने आलेल्या मराठी माणसाला कानडी समजली नाही, म्हणून त्याला कोणी मुका म्हणत नाही.

ॲनोरेक्सियाच्या रुग्णांनाही चेहऱ्यावरील भाव ओळखणे अनेकदा जड जाते, त्या माणसांपासून दूर राहतात, नियमांना चिकटून बसतात. हे साम्य पाहून स्वीडनच्या क्रिस्टोफर गिलबर्ग यांनी १९८३ सालीच या दोन अवस्थांचे नाते आहे काय, असा प्रश्न उपस्थित केला होता. त्याचे उत्तर देताना तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात.

पहिली गोष्ट उपासमारीची. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे छत्तीस निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अपुऱ्या आहारावर ठेवण्यात आले. ते चिडखोर व एकलकोंडे झाले. त्यांच्या मनात अन्नावाचून दुसरा विषय उरला नाही. तेव्हा रुग्णाचा तुटकपणा काही अंशी भुकेचाच असतो आणि पोषण सुधारले की तो बराच ओसरू शकतो. दुसरी गोष्ट, स्वतःच्या भावनेला नाव देता न येण्याची. ही अडचण दोन्ही अवस्थांत पुष्कळांना असते. चेहरे ओळखण्यातील चुका स्वमग्नतेपेक्षा या अडचणीशी अधिक निगडित आहेत, असे २०१३ च्या एका अभ्यासात आढळले. ज्याला आपल्याच मनाची लिपी लागत नाही, त्याने दुसऱ्याचे पत्र कसे वाचावे? तिसरी गोष्ट अशी की, या रुग्णांतील काही स्त्रिया लहानपणापासूनच स्वमग्न असतात. केवळ मुलगी म्हणून ते कोणाच्या लक्षात आलेले नसते. त्यांचे न खाणे कधी अन्नाच्या वासामुळे, स्पर्शामुळे किंवा नित्यक्रम मोडल्यामुळेही असते. लंडनमध्ये अशा रुग्णांसाठी कमी गोंगाट, साधे अन्न आणि स्पष्ट बोलणे यांवर भर देणारी उपचारपद्धती आखली आहे.

हे सारे परदेशातले, असे कोणी म्हणू नये. बंगळूरच्या मनोविकारतज्ज्ञांची एक पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश तज्ज्ञांनी आहारविकाराचा निदान एक तरी रुग्ण पाहिलेला होता. आपल्याकडे सोमवार, गुरुवार आणि एकादशी यांच्या आड पुष्कळ काही झाकले जाते. मुलगी व्रतस्थ आहे म्हणून घरात कौतुकच होते. पण वजन झपाट्याने उतरू लागले, मासिक पाळी थांबली, सतत थंडी वाजू लागली, तर ते व्रत नव्हे. मनोविकारांत हा विकार अत्यंत प्राणघातक आहे. अशा वेळी आग्रहाने अथवा धाकाने वेळ घालवू नये, वैद्यकीय मदत त्वरित घ्यावी. बंगळूरला निम्हान्ससारखी संस्था आहे; इतरत्र जिल्हा रुग्णालयापासून आरंभ करता येतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. प्रमाणपत्राने सवलती मिळतात, आणि त्या मिळाल्याच पाहिजेत, हे सरकारी नोकर या नात्याने मी आवर्जून सांगतो. परंतु घरातला संवाद कोणत्याही कचेरीतून मंजूर होऊन येत नाही. तेथे उपाय एकच : सूचक मौन, टोमणे आणि कपाळावरच्या आठ्या यांवर विसंबू नये. ‘तू जेवली नाहीस, याची मला भीती वाटते’, ‘मला आता थोडा वेळ एकटे राहायचे आहे’, असे शब्दांत सांगावे. आणि समोरच्याने शब्दांत सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवावा. परचित्तज्ञानाची सिद्धी कोणालाच पुरती लाभलेली नाही. विचारणे मात्र प्रत्येकाला शक्य आहे.