नोकरी केव्हां सोडावी?

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांतील डोणगांव हें शेतीवर चालणारें गांव. अशा गांवीं दरमहा वेतन घेणारा गृहस्थ स्वतःचा धंदा काढावयाचें मनांत आणतो, तेव्हां भांडवल किती लागेल हें तो प्रथम विचारतो. परंतु त्याहून बिकट प्रश्न वेळेचा आहे: हातची नोकरी सोडावी केव्हां?

या बाबतींत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. बेळगांवीं किर्लोस्कर बंधूंचें सायकलींचें दुकान होतें. त्या व्यवसायाचा आरंभ १८८८ सालचा मानला जातो. दुकान पाहत बंधु रामुअण्णा. लक्ष्मणराव मुंबईंत नोकरी करीत. पुढें बढतीची जागा त्यांना डावलून दुसऱ्यास मिळाली, तेव्हां त्यांनीं नोकरी सोडली व ते बेळगांवीं आले. लोक तो अपमान तेवढा लक्षांत ठेवतात. अपमान पुष्कळांच्या वाट्यास येतो. पण राजीनामा देतांना पाठीशीं चालतें दुकान आणि विश्वासू माणूस थोड्यांच्याच असतो.

तरीहि पुढचे दिवस सोपे नव्हते. १९०३ सालीं त्यांनीं लोखंडी नांगर केला. लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. त्यामुळें पहिले नांगर खपावयास सुमारें दोन वर्षें लागलीं. पुढें बेळगांवची जागाहि सोडावी लागली. औंधच्या अधिपतींनीं कुंडलजवळ माळ दिला आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडीचा पाया पडला.

यावरून डोणगांवच्या नोकरदारानें काय घ्यावें? त्याच्या गांवचा पैसा पिकाबरोबर येतो. दिवाळीच्या सुमारास माल विकला कीं गिऱ्हाईक रोखीनें घेतें; पेरणीच्या दिवसांत तेंच गिऱ्हाईक उधारी मागतें. म्हणून दोन-तीन महिन्यांच्या विक्रीवर भरंवसा ठेवणें धोक्याचें. नोकरीच्या नियमांस बाध न येतां घरच्या माणसाच्या हातीं धंदा द्यावा आणि पेरणी ते सुगी असें पुरें एक वर्ष हिशेब पाहावा. आप्तेष्टांखेरीज परकें गिऱ्हाईक पुन्हा येतें काय? उधारी वसूल होते काय? धंद्यास हात न लावतां वर्षभर घरखर्च भागेल काय? तिन्हींचीं उत्तरें होकारार्थी आलीं, तर वेळ झाली असें समजावें. एकहि नकार असेल, तर वरिष्ठावरील राग कितीहि न्याय्य असो, राजीनाम्याचा कागद तूर्त पेटींतच राहूं द्यावा.