विद्यार्थ्यांचे स्वकथित प्रगती-निवेदन : उपयुक्तता आणि मर्यादा

प्रस्तावना :
पदवी शिक्षणाची उद्दिष्टे विषयज्ञानापुरती मर्यादित नसतात. स्पष्ट लेखन, चिकित्सक विचार, संख्यात्मक माहितीचे विश्लेषण आणि इतरांसमवेत काम करण्याची क्षमता यांचाही त्यांत अंतर्भाव होतो. गुणपत्रिकेत या क्षमतांची स्वतंत्र नोंद नसते. त्यामुळे ‘तुमची किती प्रगती झाली?’ असे विद्यार्थ्यांनाच विचारण्याची पद्धत रूढ झाली. या उत्तरांचा अर्थ कसा लावावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पद्धतीचे स्वरूप :
अमेरिकेत सी. रॉबर्ट पेस यांनी १९७९ मध्ये महाविद्यालयीन अनुभवांविषयीची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रगतीचा अंदाज द्यावयाचा होता. इंडियाना विद्यापीठातून २००० पासून घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही असे प्रश्न आहेत. उत्तरे ‘अत्यल्प’ ते ‘खूप’ अशा चार श्रेणींत दिली जातात. भारतात नॅकने २०१७ च्या सुधारित मूल्यांकन पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश केला. तथापि समाधान आणि प्रगती या दोन भिन्न बाबी आहेत, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मर्यादा :
अशा प्रश्नाचे उत्तर देताना विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळची आपली क्षमता आठवावी लागते, आजची क्षमता जोखावी लागते आणि दोहोंतील फरकाचे श्रेय महाविद्यालयाला किती द्यावे हेही ठरवावे लागते. यांपैकी प्रत्येक टप्प्यावर चूक संभवते. निकोलस बोमन यांनी २०१० मध्ये १९ संस्थांतील ३,००० हून अधिक प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सांगितलेली प्रगती आणि वर्षाच्या आरंभी व अखेरीस प्रत्यक्ष मोजलेली प्रगती यांत त्यांना फारसा मेळ आढळला नाही. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गांवरील २०१९ चा अभ्यास अधिक बोलका आहे. कृतियुक्त अध्यापनाच्या वर्गातील विद्यार्थ्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले. मात्र आपण कमी शिकलो, असे त्यांना वाटले. डोक्याला ताण देणारे अध्यापन विद्यार्थ्याला आपल्या उणिवांची जाणीव करून देते. अशा वेळी केवळ स्वकथनाच्या टक्केवारीवरून अध्यापकाचे मूल्यमापन केल्यास परिश्रम करवून घेणाऱ्या अध्यापकावर अन्याय होण्याचा संभव आहे.

उपयोजन :
तरीही ही पद्धत त्याज्य ठरत नाही. आत्मविश्वास, अभ्यासाची गोडी आणि महाविद्यालयाविषयीची धारणा यांबाबत विद्यार्थ्याचे कथन हाच प्रमुख पुरावा असतो. मात्र ‘लेखन किती सुधारले?’ याऐवजी ‘प्राध्यापकांच्या सूचनांनुसार या सत्रात किती वेळा पुनर्लेखन केले?’ असा कृतिनिष्ठ प्रश्न विचारणे अधिक इष्ट होय. प्रथम वर्षातील एक निबंध जपून ठेवून तृतीय वर्षातील निबंधाशी त्याची समान निकषांवर तुलना करणे कोणत्याही विभागाला शक्य आहे. तपासणाऱ्यास निबंधाचे वर्ष कळू देऊ नये.

समारोप :
स्वकथनातून विद्यार्थ्याची आपल्या प्रगतीविषयीची समजूत कळते. प्रत्यक्ष प्रगती त्याच्या कामातूनच पडताळावी लागते. या दोहोंत तफावत आढळल्यास प्राध्यापकांनी तिची कारणे विद्यार्थ्यांसमवेत शोधावीत. आपल्या प्रगतीचा यथार्थ अंदाज घेता येणे हेही उच्च शिक्षणाचे एक उद्दिष्टच होय.