पंपाचा दांडा मागे येतो तेव्हा

स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२मध्ये प्रायमस आणला. आपल्याकडचा पितळी पंपाचा स्टोव्ह त्याच घराण्यातला. असा जुना स्टोव्ह सहलीला न्यायचा असेल, तर आधी त्याचा व्हॉल्व्ह तपासा.

पंप मारल्यावर दांडा आपोआप बाहेर सरकतो किंवा पंपाच्या नळीत रॉकेल चढतं? मग दोष बहुधा नळीच्या तळाशी असलेल्या व्हॉल्व्हचा. हवा आत सोडायची, परत येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. पितळी पुंगळीत एक बारीक स्प्रिंग आणि तिच्या जोरावर छिद्रावर दाबून बसणारी वाटाण्याहून लहान टिकली. पूर्वी ती कॉर्कची असे. वर्षानुवर्षं दबून कडक होते, तिच्यावर छिद्राचा गोल वळ उमटतो. नवी टिकली नायट्राइल किंवा व्हायटॉनची घ्या. साधं रबर रॉकेलात फुगतं.

व्हॉल्व्ह काढण्यापूर्वी हवा सोडा, टाकी पूर्ण रिकामी करा. व्हॉल्व्ह काढायला लांब दांड्याची खास चावी मिळते. स्क्रू-ड्रायव्हरने खाचा हमखास तुटतात, मग पुंगळी निघतच नाही. बसवताना खालची शिशाची चकतीही बदला.

स्वेआ १२३सारख्या पेट्रोलच्या स्टोव्हच्या झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र वेगळा. तो गळत असेल तर टिकली बदला, पण स्प्रिंग कधीही जास्त आवळू नका. दाब वाढल्यावर तो उघडलाच नाही, तर टाकी फुटू शकते.